दुखणं थांबलं म्हणून थांबू नकोस

अगं, तुझा मेसेज वाचला. ‘ताई, आता अजिबात दुखत नाहीये, मग ऑपरेशन लग्नानंतर निवांत बघू का?’ आणि खाली दात काढणारा चेहरा. फोनच केला असता, पण फोनवर तू ‘हो गं, कळलं’ म्हणून विषय बदलतेस, म्हणून लिहूनच काढतेय. चहा घेऊन बस आणि शेवटपर्यंत वाच.

आधी मनातली मोठी भीती काढून टाक. तुझ्या एमआरसीपीच्या, म्हणजे पित्तनळ्यांच्या एमआरआयच्या, रिपोर्टवर ‘कोलेडोकल सिस्ट, टाइप वन’ असं लिहिलंय. हा कॅन्सर नव्हे. पण ओव्हरीत सिस्ट असते आणि पुष्कळदा आपसूक जिरते, तशातलाही हा प्रकार नाही. यकृतात तयार झालेलं पित्त आतड्यात आणून सोडणारी जी मुख्य नळी, तीच तुझी मधल्या भागात फुगलेली आहे. मोठ्या माणसात ही नळी साधारण ६ मिलिमीटरच्या आत असते. वय झालं किंवा पित्ताशय काढलेलं असलं तर जराशी जास्त. तुझी २४ आहे. ही जन्मापासूनची ठेवण समजतात. तू उपास केलेस, रात्री जागलीस, ऑफिसखालचा वडापाव खाल्लास, यातल्या कशानंही हे झालेलं नाही. मावशीला सांग, वडापाववाल्याला शिव्या देणं आता बंद कर.

दुखणं दुर्मीळ आहे हे खरं. पाश्चात्त्य देशांत लाख-दीड लाखात एखाद्याला आढळतं, जपानात आणि आजूबाजूच्या देशांत कितीतरी जास्त. बायकांमध्ये पुरुषांच्या तिपटी-चौपटीनं. बहुतेक रोगी लहानपणीच सापडतात. तुझ्यासारखे, पंचविशी-तिशीत सापडणारे, पाचातले एखाददुसरे. त्यामुळे ‘इतकी वर्षं कुणालाच कसं कळलं नाही’ म्हणून कुढत बसू नकोस. पुस्तकात याची तीन लक्षणं देतात: पोटदुखी, कावीळ आणि उजव्या बरगडीखाली हाताला लागणारा गोळा. मोठ्या माणसात ही तिन्ही एकत्र क्वचितच दिसतात. तिथे नुसती जेवणानंतर वरच्या पोटात कळ येते, ती पाठीत जाते, एखादी उलटी होते, दोन दिवसांत सगळं शांत. आपण म्हणतो पित्त झालंय, आणि कोकम सरबत पितो. डॉक्टरही आम्लपित्ताची गोळी देतात, कारण अशा तक्रारीच्या पुष्कळ जणींचं काम त्या गोळीनं भागतं.

पण मागच्या वर्षी तू ॲडमिट झालीस तेव्हा मात्र सुगावा लागायला हवा होता. स्वादुपिंडाला सूज, रक्तात अमायलेज, म्हणजे स्वादुपिंडाच्या पाचक रसातला घटक, वाढलेलं. तुला आठवतंय ना, राउंडला येणारा प्रत्येक नवा डॉक्टर विचारायचा, ‘ड्रिंक्स घेता का?’ आणि तू तिसऱ्यांदा रडकुंडीला आली होतीस. दारूला न शिवणारी तरुण बाई, पित्ताशयात खडा नाही, रक्तातली चरबी नॉर्मल, आणि तरी स्वादुपिंड सुजतंय. अशा वेळी पित्ताची नळी आणि स्वादुपिंडाची नळी एकमेकींना कुठे आणि कशा मिळतात, ते बघायला हवं. सोनोग्राफीवाल्यानं तेव्हाही ‘सीबीडी प्रॉमिनंट’, म्हणजे मुख्य पित्तनळी ठळक दिसतेय, असं लिहिलं होतं. एवढ्या दोन शब्दांकडे कुणी थांबून पाहिलं नाही.

अर्थात नळी रुंद दिसली की ती जन्मजात सिस्टच, असंही नसतं. खालच्या टोकाला खडा अडकला, तिथे चिंचोळं झालं किंवा गाठ आली, तरी वरची नळी तुंबून फुगते. म्हणून सर्जननी तुला तेच तेच प्रश्न फिरवून विचारले: कावीळ कधी झाली होती का, लघवी गडद चहासारखी झाली होती का, अंगाला खाज सुटली होती का, संडास पांढरट झाली होती का, थंडी वाजून ताप आला होता का. अडथळ्यानं फुगलेल्या नळीत बिलिरुबिन आणि अल्कलाइन फॉस्फटेज बहुतेकदा वाढलेलं असतं. सिस्टमध्ये मधल्या काळात लिव्हरचे सगळे आकडे चक्क नॉर्मल येऊ शकतात. तुझे आले. एवढ्यावरून सिस्ट नाही असं म्हणता येत नाही, हे तुझ्या त्या लॅबवाल्या मित्राला सांग. शंका उरली तर एंडोस्कोपीच्या टोकाला सोनोग्राफी बसवलेली असते, ती तपासणी करतात. ती नळीचं खालचं टोक अगदी जवळून दाखवते.

एमआरसीपीबद्दल तू कुरकुरलीस की उपाशी ठेवलं आणि वर अननसाचा रस पाजला. अगं, त्याला कारण आहे. या तपासणीत साचलेलं पाणी पांढरंशुभ्र दिसतं. पित्त म्हणजे पातळ द्रवच, म्हणून नळ्या काळ्या पडद्यावर उजळून निघतात. पण जठरातलं पाणीही तसंच चमकतं आणि मधे येतं. अननसाच्या रसात मँगेनीज असतं, त्यानं जठर काळं पडतं आणि मागची नळी मोकळी दिसते. ‘श्वास रोखा’ म्हणून सारखं ओरडत होते ते यकृत हलू नये म्हणून. सुई नाही, क्ष-किरण नाहीत, आणि नकाशा मात्र पुरा मिळतो. पूर्वी यासाठी ईआरसीपी करत, म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून नळीत औषध सोडायचं. त्यात स्वादुपिंड सुजायचा धोका असतो. आता नुसतं निदान करायला ती सहसा लागत नाही.

आता त्या नकाशातली खरी मेख. रिपोर्टच्या तिसऱ्या ओळीत ‘लाँग कॉमन चॅनल’ असं लिहिलंय बघ. पित्ताची नळी आणि स्वादुपिंडाची नळी आतड्याच्या भिंतीत, स्नायूच्या कड्यात एकत्र यायला हव्यात. तो स्नायू दोन्ही पाणी आपापल्या वाटेनं सोडतो. तुझ्यात त्या भिंतीच्या बाहेरच, बरंच आधी, एकत्र आल्या आहेत, म्हणजे संगम स्नायूच्या ताब्यात नाही. स्वादुपिंडाच्या नळीतला दाब पित्तनळीपेक्षा जास्त असतो, त्यामुळे तिचा पाचक रस उलटा पित्तनळीत चढतो. आपल्या गावाला बांध फुटला की भरतीचं पाणी शेतात शिरतं आणि ओहोटीला निघून गेलं तरी जमीन खारवटलेली राहते, ते तू लहानपणापासून बघतेयस; इथेही तसंच चाललंय, रोज, वर्षानुवर्षं. बॅबिट नावाच्या डॉक्टरांनी १९६९ साली ही कल्पना मांडली. सगळ्याच सिस्टचा उलगडा तिनं होत नाही, पण तुझ्यासारख्या रोग्यांत फुगीर नळीतलं पित्त तपासलं तर त्यात अमायलेज भरपूर सापडतं.

म्हणून दुखणं थांबलं याला मी फारशी किंमत देत नाहीये. रस चढायचा थांबलेला नाही. त्यानं नळीचं अस्तर सोलवटतं, भरून येतं, परत सोलवटतं. अशा अस्तरात पुढे कॅन्सर होण्याचा धोका चारचौघांपेक्षा कितीतरी जास्त असतो आणि तो वयाबरोबर वाढतो. नेहमी सांगितली जाणारी एक जुनी आकडेवारी आहे: १० वर्षांखालच्या मुलांत शेकडा १ पेक्षाही कमी, आणि विशी ओलांडलेल्यांत शेकडा १४ च्या आसपास. वेगवेगळ्या रुग्णालयांचे आकडे खालीवर होतात, पण उतरणीला कुणाचेच लागलेले नाहीत. तुझ्या रिपोर्टमध्ये नळीच्या भिंतीवर जाडी नाही, आत काही उगवलेलं नाही. म्हणूनच ही वेळ चांगली आहे. कावीळ झालेल्या, तापानं फणफणलेल्या बाईचं हेच ऑपरेशन करताना सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळतं, हे मी वॉर्डात इतकी वर्षं बघतेय.

आता सल्ले देणाऱ्यांकडे वळू, कारण घरात ते फार झालेत.

काकांचे मित्र म्हणाले, ‘नुसतं पित्ताशय काढा, दुर्बिणीनं, दुसऱ्या दिवशी घरी.’ नाही. पित्ताशय काढायचंच आहे, पण नळी तशीच ठेवून ते एकटं काढलं तर दुखणंही राहतं आणि धोकाही. पित्ताशयातल्या खड्यांचं ऑपरेशन होऊनही पोट दुखतंय म्हणून आमच्याकडे आलेल्या आणि नंतर सिस्ट सापडलेल्या बायका मी पाहिल्यात.

दुसरे म्हणाले, स्टेंट टाकून घ्या. स्टेंट केव्हा? नळीत जंतू शिरून थंडी-ताप-कावीळ झाली तर आधी अँटिबायोटिक आणि स्टेंटनं पू-पित्त वाहतं करायचं, रोगी सावरला की काही आठवड्यांनी ऑपरेशन. तो तात्पुरता इलाज. निव्वळ दुर्बिणीवर भागतं असा एक प्रकार आहे, तिसरा, ज्यात नळीचं फक्त शेवटचं टोक आतड्याच्या आत फुग्यासारखं आलेलं असतं. तो तुझा नाही. तोदानी या जपानी सर्जननं १९७७ मध्ये या आजाराचे पाच प्रकार लावून दिले, सगळं जग तेच वापरतं. पहिला तुझा, आणि सगळ्यात जास्त आढळणाराही तोच. दुसऱ्यात नळीच्या कडेला एक खिसा असतो, तो कापून टाकतात. चौथा आणि पाचवा त्रासाचे, कारण सहसा यकृताच्या आतल्या नळ्याही फुगलेल्या असतात. पाचव्याला कॅरोली म्हणतात, त्यात किडन्याही तपासून घेतात, यकृताचा तुकडा काढावा लागतो, कधी यकृत बदलायची पाळी येते. तुझ्या यकृतातल्या नळ्या सरळ, बारीक आहेत. हे मी स्वतः सीडीवर बघितलं, आणि रेडिऑलॉजिस्टलाही परत विचारलं.

आणि मावशीची मैत्रीण! ती म्हणे कोकणात कावीळ उतरवणाऱ्याकडे नेऊ या म्हणतेय. चुन्याच्या पाण्यात हात धुवायचे, पाणी पिवळं झालं की कावीळ उतरली. तुला तर कावीळही नाही, काय उतरवणार तो? आणि देवडांगरीचा रस नाकात घालायचा विषय निघाला तर सरळ उठून निघून ये. नाकातून धो धो पिवळं पाणी वाहतं ते पित्त नसतं, नाकाचं अस्तर पोळलेलं असतं. व्हायरल कावीळ बहुतेकांची आपली आपण बरी होते, म्हणून या लोकांचं नाव टिकून आहे. नळीच्या दोषावर त्यांच्याकडे काही नाही.

ऑपरेशन काय आहे ते ऐक. फुगलेली नळी आणि पित्ताशय दोन्ही काढायचं. वरच्या बाजूला यकृतातून डावी-उजवी नळी एकत्र येते तिथवर, खालच्या बाजूला स्वादुपिंडाच्या आत, संगमाच्या अगदी जवळपर्यंत, पण स्वादुपिंडाच्या नळीला धक्का न लावता. मग लहान आतड्याचा चाळीस ते साठ सेंटिमीटरचा एक पदर वर आणून यकृताच्या नळीला शिवायचा, म्हणजे पित्त परत आतड्यात येतं आणि अन्न मात्र वर चढत नाही. स्विस सर्जन सेझार रू यांच्या नावावरून याला रू-एन-वाय म्हणतात. सिस्ट मागच्या मोठ्या रक्तवाहिनीला चिकटली असेल तर मागची बाहेरची भिंत तशीच ठेवून आतलं अस्तर तेवढं सोलून काढतात. ती लिली यांची पद्धत. कुठूनही अस्तर मागे राहायला नको, एवढं कळलं की बाकी सगळं कळेल.

हे मी जरा ताणून सांगतेय त्याला कारण आहे. पूर्वी सिस्ट काढतच नसत. तिला एक तोंड करून आतड्याला जोडून देत. सोपं ऑपरेशन, रोगी आठवड्यात टुणटुणीत. पुढे काही वर्षांनी खडे, वारंवार ताप, आणि काहींना त्या मागे ठेवलेल्या सिस्टमध्येच कॅन्सर. म्हणून ती पद्धत सोडून दिली. लहानपणी असं ‘जोडायचं’ ऑपरेशन झालेली, आता चाळिशी-पन्नाशीतली एखादी बाई तुझ्या ओळखीत असेल तर तिला जुनी फाइल घेऊन गॅस्ट्रोसर्जनकडे जायला सांग, तब्येत ठणठणीत असली तरी.

सर्जनला विचारायला लाजू नकोस. तुम्ही पित्तनळी जोडायची ऑपरेशनं नेहमी करता का? सिस्ट पूर्ण काढणार ना? दुर्बिणीतून की पोट उघडून? या शेवटच्या प्रश्नावर मात्र अडून बसू नकोस. दुर्बिणीनं व्रण छोटा राहतो, पण टाके घालणाऱ्या हाताला सवय हवी. मला विचारशील तर रोज हेच करणाऱ्याच्या हातची उघडी शस्त्रक्रिया मी डोळे मिटून पत्करीन. खर्चाचं दादाच्या डोक्यावर टाकू नकोस. मुंबईत केईएम, सायनसारख्या पालिकेच्या रुग्णालयांत पोटाच्या अशा शस्त्रक्रियांचे वेगळे विभाग आहेत; आणि फुले जन आरोग्य योजनेत तुझं ऑपरेशन बसतं का, हे योजनेतल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटून विचारायचं, रेशनकार्ड आणि आधार बरोबर ठेवून.

लग्नाचं बोलू. मावशीनं ‘पिशवी काढायची’ एवढंच ऐकलं आणि ती रात्रभर रडली, कारण तिला वाटलं गर्भाशय. तिला मी समजावलंय, ही पित्ताची पिशवी, मुलंबाळं होण्याशी तिचा संबंध नाही. उलट मूल होण्याआधी हे उरकून टाकलेलं बरं. पोटात बाळ वाढायला लागलं की वरच्या अवयवांवर दाब येतो, सिस्ट असलेल्या बायकांना नेमका त्याच काळात ताप-कावीळ-दुखणं सुरू होऊ शकतं. उलट्या झाल्या तर सगळे म्हणणार, दिवस गेलेत, होणारच. आणि तेव्हा ना धड औषधं देता येतात, ना ऑपरेशन. पुढच्या पिढीत जाईल का, हे तू विचारलं नाहीस पण मनात असणार. टाइप वन सहसा घराण्यात चालत नाही. मुलाकडच्यांना सांगायचं. काय सांगायचं ते ठरवून, मोघम न ठेवता, रिपोर्ट दाखवून. यावर लग्न मोडणारं घर असेल तर ते आत्ताच कळलेलं बरं. हे मी ताई म्हणून बोलतेय, सिस्टर म्हणून नव्हे.

ऑपरेशननंतर पोटाच्या बाजूला एक नळी असेल, खाली पिशवी. तिच्याकडे बघून घाबरू नकोस. सुरुवातीला लालसर पाणी येतं, मग फिकट पिवळं, पातळ. हिरवट-सोनेरी आणि चिकट आलं तर पित्त झिरपतंय. तरीही बहुतेक वेळा ती नळी तशीच ठेवून धीर धरला की जोड आपोआप धरतो. आम्ही दर पाळीला पिशवीतलं पाणी मोजून लिहितो, ते याचसाठी. साधारण आठवडाभर मुक्काम धर. काढलेला भाग फॉर्मॅलिनच्या बरणीतून तपासणीला जातो. तो बायोप्सी रिपोर्ट घेतल्याशिवाय फाइल बंद करायची नाही. कितीजणी टाके काढले की तो आणायला फिरकतच नाहीत! खाण्यापिण्याचं म्हणशील तर जन्मभर मऊ भात नाही. आधी थोडं थोडं, तेलकट-तुपकट जरा जपून, मग सणाला पुरणपोळीही.

पण एक गोष्ट आयुष्यभर. सिस्ट गेली तरी यकृताच्या नळ्या आणि तो जोड राहतोच. काही वर्षांनी जोड चिंचोळा होऊ शकतो, वर खडे होऊ शकतात, आणि कॅन्सरचा धोका खूप कमी झाला तरी शून्य होत नाही. म्हणून सर्जन सांगतील त्या अंतरानं लिव्हरच्या तपासण्या आणि सोनोग्राफी, सासरी गेलीस तरी, परदेशी गेलीस तरी. हुडहुडी भरून ताप आला, डोळे पिवळे झाले किंवा अंगाला खाज सुटली, तर नुसती क्रोसिन घेऊन झोपायचं नाही, त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. डिस्चार्ज कार्डाचा फोटो मोबाइलमध्ये ठेव, कारण तुझी आतली वाट बदललेली असेल. तोंडातून दुर्बीण घालून त्या जोडापर्यंत पोचणं कठीण जातं, गरज पडली तर त्वचेतून, यकृताच्या बाजूनं जावं लागतं. नव्या डॉक्टरला हे आधी माहीत हवं. आणि पुढे एखादा सोनोग्राफीवाला ‘पित्तनळ्यांत हवा’ असं लिहील. या ऑपरेशननंतर ती बऱ्याचदा असते, आतड्यातून चढते. तेव्हा रात्री साडेअकराला मला फोन करून रडायचं नाही.

मंगळवारी ओपीडी आहे. माझी दुपारची पाळी आहे, सकाळी तुझ्याबरोबर थांबेन. एमआरसीपीची सीडी आण, नुसता कागद नको. मागच्या वर्षीचं डिस्चार्ज कार्ड आणि ती ‘सीबीडी प्रॉमिनंट’वाली सोनोग्राफीही शोधून ठेव, बहुतेक मावशीच्या कपाटात लाइटबिलांच्या फाइलमध्ये आहे. उपाशी येऊ नकोस, त्या दिवशी काही तपासणी नाही. आणि मावशीला जरूर आण, तिच्या मैत्रिणीला नको.